पार्ट बदलण्याआधी मीटर लावा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गाडी बिघडली, मेस्त्रींनी दोन-तीन पार्ट बदलले, बिल झालं आणि बिघाड जिथल्या तिथे राहिला. हौसेनं जुनी गाडी सांभाळणाऱ्याचं यात पैशापेक्षा मोठं नुकसान होतं. पद्मिनीचा किंवा जिप्सीचा मूळ पार्ट निघून भंगारात जातो, त्या जागी हलका पार्ट बसतो आणि मूळ पार्ट पुन्हा बाजारात मिळत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत जिथे शक्य आहे तिथे आधी काय मोजायचं ते दिलं आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि चांगली टॉर्च एवढं डिकीत ठेवा.

प्रश्न : माझी १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे. उन्हाळ्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात गाडी अर्ध्यावर बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की चालू होते, दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. फ्यूएल पंप, कार्बोरेटरचं किट आणि प्लग बदलून झाले. थंडीत हा त्रास होत नाही. (वाचक, पुणे)

उत्तर : बदललेल्या तिन्ही गोष्टी कदाचित ठीकच होत्या. तापल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असं दिसलं की सगळे ‘व्हेपर लॉक’ (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) म्हणून मोकळे होतात. पण तापलेली इग्निशन कॉइल आणि तापलेला कन्डेन्सरही हुबेहूब असेच वागतात. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तरी गाडी थांबते आणि हळूहळू हवा आत शिरली की पुन्हा चालते. रोग चार, लक्षण एक. त्यांच्यातला फरक गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच पकडता येतो; नंतर सगळंच थंड होतं आणि पुरावा जातो. त्यामुळे पुढच्या खेपेला बोनेट उघडून नुसती वाट बघू नका.

गाडी कडेला सुरक्षित उभी केली की आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘स्सस्’ आवाज आला तर झाकणाचं भोक बंद आहे. ते बारीक तारेनं मोकळं करा, काम झालं. आवाज आला नाही तर एअर क्लीनर काढा, टॉर्चनं कार्बोरेटरच्या घशात बघा आणि थ्रॉटलचा लिव्हर हातानं झटकन ओढा. इंजिन बंदच ठेवायचं, आणि जवळ कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना, हे आधी बघायचं. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची सलग पिचकारी उडाली, तर कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे आणि दोष इग्निशनचा आहे. नुसतं ‘फुस्स’ झालं किंवा काहीच आलं नाही, तर पेट्रोल पोचत नाही.

पिचकारी उडत असेल तर एअर क्लीनर परत बसवा. डिस्ट्रिब्यूटर कॅपच्या मधली जाड वायर काढून तिचं टोक इन्सुलेटेड पकडीनं इंजिनाच्या उघड्या धातूपासून साधारण ६ मिमी अंतरावर धरा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड आणि तडतडणारी हवी. पिवळट, बारीक किंवा मधूनच गायब होणारी असेल तर कॉइलला बोट लावून बघा. कॉइल कोमट ते गरम असणं ठीक, पण बोट ठेववत नसेल तर इग्निशन बंद करून वायरी काढा आणि ती गरम असतानाच तिच्या दोन बारीक टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. बॅलास्ट (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी साधारण ३ ओम येतो. दीडच्या आसपास येत असेल तर कुणीतरी बॅलास्टवाली कॉइल बॅलास्टशिवाय जोडली आहे. तिच्यातून दुप्पट करंट जातो, ती तापते आणि पॉइंटही (डिस्ट्रिब्यूटरमधला, कॉइलचा करंट तोडणारा स्विच) जाळते. जुन्या गाड्यांवर ही चूक फार आढळते, कारण दोन्ही कॉइल दिसायला सारख्याच असतात.

कॉइल ठीक निघाली तर पॉइंट उघडून बघा. टोकं काळी-निळी पडली असतील, एका बाजूला खड्डा आणि समोर टेंगूळ असेल, तर कन्डेन्सर संशयित. कपॅसिटी मोजणाऱ्या मीटरवर तो ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपास यायला हवा. पॉइंटचं अंतर ०.४ ते ०.५ मिमीमध्ये ठेवा आणि कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेला किंचित ग्रीस लावा. ही टाच झिजली की अंतर कमी होतं, टायमिंग मागे पडतं, मागे पडलेल्या टायमिंगमुळे इंजिन जास्त तापतं आणि त्या उष्णतेनं खरोखरचा व्हेपर लॉकही होऊ शकतो. घाटात दोन्ही दोष एकमेकांना असे हात देतात.

आता पेट्रोलच पोचत नसेल तर. यांत्रिक पंप इंजिनाला चिकटून बसलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढत असतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं, आणि पंप वाफ पुढे ढकलू शकत नाही. घाट चढताना इंजिन तापलेलं, वेग कमी, हवा कमी. शिवाय पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही घटलेला. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसलाच उकळतं. पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्कं.

उपायाचा क्रम असा ठेवा. टाकी ते पंप या भागातली सगळी रबरी नळी बदला. तिला सुईएवढी चीर असली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, म्हणून ती चीर नजरेला पडत नाही. मग पंप आणि इंजिनामध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर आहे का ते बघा. पंप बदलताना बरेचदा तो जुन्या पंपाबरोबर फेकला जातो आणि पंप नुसत्या कागदी गॅस्केटवर बसतो. तुमचा त्रास पंप बदलल्यावर वाढला असेल तर आम्ही आधी इथेच बघू. मात्र खबरदारी म्हणून दोन-तीन गॅस्केट वाढवू नका. लिव्हरची चाल कमी होते आणि पंपाचा दाबच पडतो. लोखंडी पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर तो लांब वळवा.

इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर कार्बोरेटरसाठीचा, अडीच-तीन पीएसआयचा घ्या आणि टाकीजवळ बसवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या वर दाब देतो. त्यानं नीडल व्हॉल्व्ह उचलला जाऊन पेट्रोल इंजिनावर सांडेल. इलेक्ट्रिक पंपाला ऑइल प्रेशर स्विचमधून रिले जोडा, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. ही जोडणी आम्ही सोयीची नव्हे, अत्यावश्यक मानतो.

प्रश्न : १९९५ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, महिन्यातून दोनदा काढतो. ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉलवालं) आल्यापासून सकाळी चालू व्हायला वेळ लागतो, पिकअप घेताना गाडी अडखळते आणि बोनेटखाली पेट्रोलचा वास येतो. (वाचक, नाशिक)

उत्तर : वासापासून सुरुवात करा आणि तो जाईपर्यंत गाडी चालवू नका. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं आतून मऊ पडतात आणि नंतर सुटतात. नळीचं एक टोक काढा आणि कापसाची काडी आत फिरवा. काडीला काळी शाई लागल्यासारखं दिसलं तर नळी विरघळतेय, आणि तोच चुरा जेटमध्ये जाऊन बसतोय. बाहेरून ती नळी अगदी नवी दिसू शकते. नवीन घेताना तिच्यावर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं बघून घ्या. तिच्या आतला थर इथेनॉल सोसणाऱ्या फ्लोरो-रबराचा असतो. मापासाठी जुन्या नळीचा तुकडा बरोबर न्या. टाकीकडे परत जाणारी रिटर्न नळी विसरू नका, सगळे तीच विसरतात.

मग डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वर गेली असेल, तर यांत्रिक पंपाचा डायफ्राम फाटून पेट्रोल थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात. पंप आणि ऑइल दोन्ही एकाच वेळी बदला.

अडखळण्याचं कारण हिशेबात आहे. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, ई-२०ला साधारण साडेतेरा पट. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच मापानं पेट्रोल देतो, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, तुमच्या गाडीत तुम्हालाच भरून काढावा लागेल. सात टक्के जास्त पेट्रोल म्हणजे जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ सात टक्के जास्त, आणि त्यासाठी व्यास फक्त साडेतीन टक्के वाढवावा लागतो. सोलेक्स घराण्यातल्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात व्यास सांगतो. ११० नंबरचं जेट असेल तर ११२.५ किंवा ११५ पुरे. १२५ टाकलंत तर प्लग काळे होतील. जुनं जेट तारेनं किंवा ड्रिलनं मोठं करू नका. भोक ओबडधोबड होतं आणि मग कुठलाच आकडा खरा राहत नाही.

पण जेटला हात लावायच्या आधी फ्लोटची पातळी, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि आयडल मिक्श्चर स्क्रू बघून घ्या. पिकअप घेतानाच अडखळत असेल आणि सरळ रस्त्यावर गाडी छान पळत असेल, तर दोष बहुतेक अ‍ॅक्सिलरेटर पंपात निघतो, जेटमध्ये नाही. हायवेवर दहा मिनिटं दामटून, गाडी सुरक्षित थांबवून लगेच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. चिनी मातीचा भाग पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, फिकट तपकिरी असेल तर बरोबर.

गाडी उभी राहते, हा मुद्दा वेगळा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि अर्धी रिकामी टाकी म्हणजे ओलीला मोकळं घर. पावसाळ्यात महिनाभर गाडी काढणार नसाल तर टाकी भरून ठेवा आणि कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका. नळ्या बदलल्यावर पहिले काही दिवस इनलाइन फिल्टर दर आठवड्याला बघा. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून आणतं आणि पहिला फिल्टर पटकन बुजतो. अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के कमी होणं मात्र स्वाभाविक आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यावर कुठलंही ट्यूनिंग चालत नाही.

प्रश्न : जिप्सी किंगला साठ-सत्तरच्या वेगावर खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरायला लागतं, वेग चाळीसखाली आणल्याशिवाय थांबत नाही. दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) आणि मोठे टायर लावले आहेत. स्टिअरिंग डँपर नवा टाकला, दोन महिने बरं होतं. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : डँपरनं रोग दाबला, बरा केला नाही. आता तोही थकला आहे. हा थरथराट धोकादायक आहे, तो जाईपर्यंत हायवेवर जाऊ नका.

पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, एक्सलखाली स्टँड लावा. एक चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकनं खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिन (ज्याभोवती चाक वळतं तो खुंट) बेअरिंग. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडच्या टोकांचा असतो.

आमचा अंदाज किंगपिनवर आहे. तिथे वर आणि खाली एकेक लहान रोलर बेअरिंग असतं आणि त्यांचा ताण शिमवर (पातळ चकत्यांवर) ठरतो. शिम कमी केल्या की ताण वाढतो. नकल (चाक धरून वळणारा सांधा) मोकळं करून, ऑइल सील काढून, टाय रॉडच्या भोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात करतं तेव्हा काट्यावर एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान आकडा हवा. बोटानं ढकललं की नकल गरकन फिरतं, अशी अवस्था असेल तर हेच कारण. नुसती शिम काढण्याआधी बेअरिंगच्या वाट्या बघा. तिथे रोलरचे ओळीनं उमटलेले ठसे दिसले तर बेअरिंग बदलावंच लागेल, कारण शिम काढली तरी नकल त्या ठशांत अडकत-अडकत फिरेल. उघडलंच आहे तर नकलचा वायपर सील सेटही नवा टाका. आतून पातळ, ऑइलमिश्रित ग्रीस निघालं तर एक्सलचा आतला सीलही गेलेला आहे आणि डिफरन्शियलचं ऑइल तिकडे येतंय.

लांब शॅकलबद्दल स्पष्टच सांगतो, ते काढा. पुढचे शॅकल लांब झाले की पाटा कलतो आणि एक्सल थोडा पुढे फिरतो. त्यामुळे कॅस्टर कमी होतो, आणि चाकाला आपोआप सरळ ठेवणारा कोन हाच आहे. उंची हवीच असेल तर योग्य कमानीचे पाटे घ्या. शॅकल ठेवायचेच असतील तर पाटा आणि एक्सलमध्ये कॅस्टर भरून काढणाऱ्या पाचरी बसवून घ्या. मोठ्या टायरचं बॅलन्सिंग रिमसकट मशीनवर करून घ्या आणि रिम वाकडी आहे का ते तिथेच फिरताना बघा. डँपर सगळ्यात शेवटी.

प्रश्न : २०१४ची पोलो जीटी टीएसआय घेतली आहे. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या गिअरमधून निघताना गाडी थरथरते. एका ठिकाणी क्लच पॅक, दुसऱ्या ठिकाणी मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारं कॉम्प्युटर आणि हायड्रॉलिकचं युनिट) बदलायला सांगितलं. दोन्ही खर्च मोठे आहेत. (वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्हींच्या आधी एक फुकटची चाचणी करा. या सात-स्पीड डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) दोन कोरडे क्लच असतात. पहिला क्लच १, ३, ५, ७ गिअर चालवतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी पूर्ण तापल्यावर हलक्या चढावर आधी पुढे काढा, मग रिकाम्या जागेत चढाच्या दिशेनं रिव्हर्समध्ये काढा. पुढे थरथर आणि मागे गुळगुळीत, तर संशय पहिल्या क्लचवर. दोन्हीकडे सारखीच थरथर असेल तर गिअरबॉक्स सोडा. खालचा इंजिन माउंट आणि इंजिनाचं मिसिंग तपासा. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर मोजता येतात.

मेकाट्रॉनिक जात असताना बहुतेक वेळा थरथर नसते. गिअरच गायब होतात, डॅशवर स्पॅनरची खूण चमकते आणि पी-१७बीएफसारखा प्रेशरचा कोड मिळतो. तसा कोड नसेल तर मेकाट्रॉनिक बदलायला होकार देऊ नका. कोड छापून किंवा फोटो काढून मागा. जो मेस्त्री कोड दाखवत नाही त्याला बॉक्स उघडू देऊ नका. क्लचचा दोष पक्का झाला तरी पॅक बदलण्याआधी क्लचचं अ‍ॅडॅप्टेशन (कॉम्प्युटरला क्लचची आताची स्थिती शिकवणं) नव्यानं करून बघा. कधी तेवढ्यानंच भागतं.

आणि चालवण्याची सवय बदला. ब्रेक सोडून इंचाइंचानं सरकणं म्हणजे कोरडा क्लच सतत अर्धा घासत ठेवणं. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच निघा. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेकवर धरा.

प्रश्न : गाडी फक्त रविवारी काढतो. दर दुसऱ्या आठवड्याला बॅटरी बसलेली. नवी बॅटरी टाकूनही तेच. (वाचक, सोलापूर)

उत्तर : रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. ते येत असतील तर चार्जिंग ठीक आणि कुठेतरी गळती आहे.

गळती अशी मोजा. बोनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरनं बंद करा, म्हणजे गाडीला बोनेट लागलं असं वाटेल. दारं लावा, किल्ली दूर ठेवा. मीटर १० अँपिअरवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि तिच्या केबलमध्ये जोडा. सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. नव्या गाड्यांची कॉम्प्युटरं झोपायला अर्धा तास घेतात, तेवढं थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४५च्या बॅटरीला महिनाभर उभं राहता येतं. २०० निघाले तर नऊ दिवसांत बॅटरी खलास. तुमचा हिशेब याच्याच जवळ बसतोय.

मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला, ती लाइन दोषी. बहुतेक वेळा बाहेरून बसवलेलं काहीतरी निघतं. म्युझिक सिस्टिमच्या पिवळ्या आणि लाल वायरी एकत्र पिळलेल्या असतात, डॅशकॅम कायमच्या लाइनवर असतो किंवा डिकीचा दिवा झाकण लागल्यावरही जळत असतो. यासाठी डिकीत मोबाइल व्हिडिओवर ठेवून झाकण लावा, उत्तर लगेच मिळतं.

प्रश्न : १९७२ची फियाट चालू स्थितीत आहे. व्हिंटेज नोंदणी करावी का? (वाचक, पणजी)

उत्तर : २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, मोठे फेरफार न केलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येते. नेहमीची नोंदणी जिवंत असेल आणि दर आठवड्याला गाडी बाजारात नेत असाल तर तीच नूतन करत राहा.

प्रश्न : मालवणच्या घरी झेन असते, वर्षातले आठ महिने उभी. खालून पत्रा खातोय. रबर कोटिंग मारून घेऊ का? (वाचक, मुंबई)

उत्तर : गंजावर रबर कोटिंग मारू नका. वरून काळंभोर, छान दिसतं आणि त्याच्या आत खारट ओल अडकून पत्रा पापडासारखा होतो. आधीचं कोटिंग असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला की तिथलं खरवडून काढायचं.

बघण्याच्या जागा : पुढच्या दोन्ही सीटसमोरचा पाय ठेवायचा तळ, मॅट आणि जूट पूर्ण उचलून, बॅटरीचा ट्रे, जॅक लावायची कड, मागच्या चाकाच्या कमानीची आतली बाजू, दारांची आणि डिकीच्या झाकणाची खालची कड. दारांच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. ती प्लॅस्टिकच्या केबल टायनं मोकळी करा, तार वापरली तर रंग खरवडून गंजाला नवी जागा मिळते. वायपरखालच्या जाळीतली पानं आणि आंब्याचा मोहोर काढा, तिथलं पाणी थेट आतल्या तळावर उतरतं.

काम कोरड्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत काढा. गोड्या पाण्यानं खालून धुवा, दोन दिवस उन्हात वाळू द्या, वायर ब्रशनं चकचकीत धातूपर्यंत घासा, उरलेल्या डागांवर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर, जोडांवर सीम सीलर, रंग, आणि बंद पोकळ्यांत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स. वॅक्स दारांत आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) आत जाईल असं बघा, कारण गंज आतूनच सुरू होतो. स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या, फायबर आणि पुट्टीनं बुजवू नका. जॅकच्या कडेला तर मुळीच नाही, गाडी जॅकवरून खाली येईल.

प्रश्न : पावसात चार दिवस उभी राहिली की मागची चाकं जाम होतात. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ओढलेल्या हँडब्रेकमुळे ओले लायनर ड्रमला चिकटतात. जोरात रेस देऊन सोडवू नका, लायनर शूवरून उखडून ड्रममध्ये अडकतो. चाक उतरवा, ड्रमच्या कडेवर गोल फिरत लाकडी ठोकळ्यावरून हातोडीनं ठोका, सुटेल. उघडलात की हँडब्रेकची केबल आपल्या नळीत सरकते का ते बघा. सरकत नसेल तर लायनर कितीही नवे टाका, चाक पुन्हा जाम होईल. यापुढे सपाटीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावा.